थकवा, मीठ आणि सकाळची गोळी



शिमग्याला कुडपणला गेले होते. माझी नणंद तिथे दिली आहे. पोलादपूर सोडले की रस्ता डोंगर चढू लागतो आणि वर पोचेपर्यंत हवा पालटते. खाली घामाच्या धारा, आणि वर संध्याकाळी अंगावर शाल हवी. माझे लग्न झाले तेव्हा हा कुलाबा जिल्हा होता; 1981 साली त्याचा रायगड झाला. नाव बदलले, पण कुडपणची थंडी आणि पाऊस आहे तिथेच आहे.

घरात शिरले तर दुपारचे बारा वाजलेले, आणि नणंदेची सून चुलीजवळ भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपली होती. भात उतू चालले होते. नणंदेने पुढे होऊन झाकण काढले आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "बघा वहिनी, हे असं चाललंय. कोवळी पोर, सत्ताविशीची, आणि माझ्यापेक्षा म्हातारी झालीय. पाण्याला गेली तर वाटेत तीनदा बसते. लोक म्हणतात, कामचुकार सून आणली."

मी म्हटले, "वन्सं, लोकांचे राहू द्या. तुम्हाला काय वाटते?"

ती गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, "लग्नात अशी नव्हती हो."

या चार शब्दांसाठी आजचा सगळा लेख लिहिते आहे. माणूस मुळातच आळशी असणे वेगळे आणि चांगले चालते-बोलते माणूस वर्षभरात मंदावणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात काही तरी कारण शोधायला हवे.

सुनेला जवळ बसवून चार गोष्टी विचारल्या. केस गळतात का? मूठ मूठ गळतात. शौचाला साफ होते का? तीन-तीन दिवस नाही. पाळी? फार जाते आणि जास्त दिवस चालते. थंडी? यावर नणंदच म्हणाली, "कुडपणला थंडी कोणाला वाजत नाही?" तेही खरे. पण घरातली बाकीची माणसे अंगणात उघड्या अंगाने बसलेली आणि ही एकटी घोंगडी लपेटून, असे असेल तर ती हवेची थंडी नव्हे. चेहरा सकाळी सुजल्यासारखा, कातडी कोरडी खरखरीत, आवाज घोगरा. नाडी धरली तर सावकाश, अगदी सावकाश. आणि सर्वांत शेवटी, सासू पाणी आणायला आत गेली तेव्हा, खाली मान घालून ती म्हणाली, "मामी, दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा गेले."

उपाय काही झाला नव्हता असे नाही. एका दवाखान्यात तिला तीन वेळा सलाईनच्या बाटल्या लावल्या होत्या. ताकदीची म्हणून इंजेक्शने दिली होती. आपल्याकडे थकवा म्हटला की सलाईन, हे समीकरणच होऊन बसले आहे. बाटलीत असते मीठ-साखरेचे पाणी. दोन दिवस तरतरी वाटते आणि पैसे जातात. रक्त मात्र कोणी तपासले नव्हते.

दुसऱ्या दिवशी भाच्याने तिला खाली नेले. रक्त दिले. थायरॉईडचा अहवाल आला तेव्हा त्यातला टीएसएच नावाचा आकडा पाचाच्या आत असायला हवा तो पन्नासाच्या घरात होता.

आता हे थायरॉईड म्हणजे काय, ते आपल्या भाषेत सांगते. गळ्यात पुढच्या बाजूला, कंठमण्याच्या जरा खाली, फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते. ती जो रस रक्तात सोडते त्याच्यावर सगळ्या शरीराचा जाळ चालतो. रस कमी पडला की चुलीतली लाकडे ओली असल्यासारखे होते. हृदय सावकाश, आतडी सावकाश, डोके सावकाश, अंग गार. मेंदूजवळची एक दुसरी ग्रंथी तेव्हा ओरडून सांगते, "अगं, काम कर!" टीएसएच म्हणजे तिचे ओरडणे. म्हणून थायरॉईड जितकी सुस्त तितका हा आकडा मोठा. पुष्कळ बायका मला विचारतात, "आकडा वाढला म्हणजे थायरॉईड वाढला ना?" नाही. आकडा वाढला म्हणजे ग्रंथीचे काम कमी झाले.

असे का होते? बहुतेकांत शरीराची स्वतःची राखणदार शक्तीच चुकून या ग्रंथीवर उलटते. हाशिमोतो नावाच्या जपानी डॉक्टरांनी 1912 साली हा प्रकार प्रथम लिहून ठेवला, म्हणून त्यांचेच नाव त्याला आहे. पुरुषांपेक्षा बायकांना तो कितीतरी जास्त होतो, आणि एकाच घरात आई, मावशी, बहीण अशी रांग दिसते. बाळंतपणानंतर काही महिन्यांनीही ग्रंथी बिघडू शकते. काहींची नंतर आपोआप सुधारते, काहींची नाही. ग्रंथीचे ऑपरेशन झाले असेल किंवा काही औषधे दीर्घकाळ चालू असतील तरी असे होते. आणि दुसरे मोठे कारण आयोडीनची उणीव. त्याकडे मग येते.

यावरचे औषध म्हणजे तोच रस गोळीच्या रूपाने देणे. इंग्लंडात मरे नावाच्या डॉक्टरने 1891 साली मेंढीच्या ग्रंथीचा अर्क काढून एका बाईला टोचला. ती सेहेचाळीस वर्षांची होती, या दुखण्याने पार खचलेली. पुढे अठ्ठावीस वर्षे ती जगली आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी गेली. तेवढ्या काळात तिच्यासाठी आठशे सत्तरच्या वर मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या! आज मेंढी लागत नाही. लहानशी पांढरी गोळी, आणि औषधांच्या मानाने स्वस्त. पण ती घ्यायची रीत पाळली नाही तर तीच गोळी वाया जाते. नव्वद टक्के घोटाळे इथेच होतात, असे माझे आपले मत.

गोळी सकाळी उठल्यावर, अनशापोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची. त्यानंतर अर्धा तास, जमल्यास तासभर, काही नाही. चहासुद्धा नाही. आता कुडपणची बाई उठल्याबरोबर चूल पेटवते, आणि पेटल्या चुलीवर पहिले आधण चहाचेच असते. सुनेने पहिले पंधरा दिवस गोळी चहाबरोबरच गिळली. तिला म्हटले, गोळीची बाटली दात घासायच्या मशेरीजवळ ठेव. (मशेरीही सोड म्हटले, ते अजून व्हायचे आहे.) तोंड धुतले की गोळी, मग झाडलोट, गुरांचे, पाणी भरणे, आणि मग चहा. तासभर कसा गेला ते कळतही नाही.

दुसरी गोष्ट नाचणीची. आपल्या डोंगरातली नाचणी म्हणजे कॅल्शियमचे कोठार. शंभर ग्रॅममध्ये सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम. हाडांना उत्तम, पण ते कॅल्शियम गोळीला पोटात अडवते. म्हणून आंबील किंवा भाकरी खुशाल खा, फक्त गोळीनंतर तासाभराने. दुधाचेही तेच. आशाताई ज्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या देतात त्या तर चार तास लांब ठेवायच्या. लोहाची गोळी दुपारी जेवणानंतर घेतली की झाले. पित्ताच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा, त्यांनीही फरक पडतो.

उपासाचे विचाराल, तर गोळी आणि घोटभर पाणी याने कोणताही उपास मोडत नाही. श्रावणात "देवाचे दिवस आहेत" म्हणून महिनाभर गोळी बंद ठेवणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि गणपतीत त्या पुन्हा सुजलेल्या असतात. एखादे दिवशी विसरली तर मात्र घाबरू नका. हे औषध रक्तात आठ-आठ दिवस टिकते. आठवली की घ्या. याच कारणाने गोळीचा गुणही आज घेतली, उद्या दिसला असा नसतो. दोन-तीन आठवड्यांत थोडे हलके वाटते, खरा फरक दीड-दोन महिन्यांनी. तेव्हा पुन्हा रक्त तपासायचे, आणि आकडा पाहून डॉक्टर मात्रा कमीजास्त करतात. आकडा जागेवर आला की सहा महिन्यांनी, वर्षांनी तपासणी. बरे वाटले म्हणून गोळी सोडायची नसते. बरे वाटते ते गोळीमुळेच. शेजारणीची मात्रा आपल्याला लागू पडत नाही. वयस्कर माणसाला किंवा हृदयाचे दुखणे असलेल्याला फार थोड्यापासून सुरुवात करतात. अशा कोणाला गोळी सुरू झाल्यावर छातीत दुखू लागले, धडधडू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

केसांसाठी म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर रक्त देण्याआधी दोन दिवस त्या बंद ठेवा. नाहीतर अहवालातला आकडा खोटा येतो.

आणि पावसाळा! दरड पडली, रस्ता तुटला की वरच्या गावांना आठ-आठ दिवस खाली उतरता येत नाही. म्हणून ज्येष्ठ संपायच्या आत दोन महिन्यांच्या गोळ्या घरात हव्यात. त्या चुलीवरच्या फळीवर नको, मोरीजवळही नको. ऊन, धग आणि ओल या तिन्हींनी गोळीचा जोर जातो. नणंदेने धान्याच्या कोठीतला डबा दिला आहे, कोरडा, घट्ट झाकणाचा.

आता मीठ. फार पूर्वीपासून डोंगराळ मुलखात बायांच्या गळ्याला गलगंड दिसत आलेले आहेत. धो धो पावसाने जमिनीतले आयोडीन धुऊन जाते, मग ते धान्यात नाही, भाजीत नाही, गुरांच्या दुधातही कमी. ग्रंथीला रस करायला आयोडीन लागते. ते मिळाले नाही की ती बिचारी स्वतःच फुगते. हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात 1956 साली डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मोठे काम सुरू केले. खोऱ्याचे तीन भाग केले. दोन भागांना आयोडीन घातलेले मीठ दिले, एकाला साधे. काही वर्षांतच पहिल्या दोन भागांत गलगंड झपाट्याने उतरला; साध्या मिठाच्या भागात तसा उतरला नाही. त्यावरूनच 1962 साली सरकारने देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम हाती घेतला. बिनआयोडीनचे मीठ खाण्यासाठी विकायला 1998 साली बंदी झाली, 2000 साली ती उठली, आणि 2006 साली पुन्हा आली.

तरी आपल्या रायगडात एक अडचण आहे. पेण-उरणची मिठागरे जवळ. खडे मीठ पोत्याने येते, लोणच्याला, मासळीला, गुरांना. "समुद्राचेच मीठ, त्यात आयोडीन असणारच," असे नणंद ठामपणे म्हणाली. मलाही एके काळी तसेच वाटे. पण समुद्राच्या पाण्यात ते मुळात अगदी थोडे, आणि वाळलेल्या मिठात नावापुरतेच राहते. म्हणून लोणच्याला खडे मीठ चालेल, रोजच्या आमटी-भाजीला मात्र पिशवीवर आयोडीनयुक्त लिहिलेले मीठच घ्या. ते उघड्या मडक्यात चुलीशेजारी ठेवू नका, धुऊ नका, आणि शक्यतो भाजी शिजत आल्यावर घाला. आयोडीन उडून जाणारी चीज आहे. उपासाच्या सैंधवावर बारा महिने राहू नका.

पण एक नीट समजून घ्या. आयोडीन मिळावे म्हणून मीठ जास्त खायचे नाही. दिवसाला माणशी लहान चमचाभर, पाच ग्रॅम, बस्स. आणि ज्याला हाशिमोतोचा प्रकार झाला आहे त्याचा रोग मिठाने बरा होत नाही. त्याला गोळीच हवी. आयोडीनचे थेंब, समुद्री शेवाळाच्या गोळ्या असले काही स्वतःच्या मनाने घेतले तर ग्रंथी आणखी बिघडू शकते.

खाण्यापिण्याबद्दल भीतीच फार पसरली आहे. कोबी बंद, फुलकोबी बंद, मुळा बंद! या भाज्यांत ग्रंथीला आडवे येणारे काही घटक आहेत हे खरे, पण शिजवल्यावर ते बरेच कमी होतात, आणि मिठात आयोडीन असले तर आठवड्यातून एक-दोनदा कोबीची भाजी खाऊन काही होत नाही. सोयाबीनची वडी गोळीच्या वेळेला तेवढी नको. धण्याचे पाणी कोणी देत असेल तर प्या, वाईट नाही, पण गोळीऐवजी नको.

आपल्या घरचे जेवण या दुखण्याला चांगलेच आहे. कुळथाची पिठी, नाचणीची भाकरी, पावसाळ्यातल्या रानभाज्या, उसळी. बद्धकोष्ठाला यासारखे औषध नाही. बरोबर पाणी भरपूर. सुकट, जवळा, बोंबील यांत समुद्राचे आयोडीनही थोडे येते. फक्त सुक्या मासळीत मीठ फार असते, म्हणून भिजवून, पाणी टाकून मग शिजवा. अंडे, दूध, डाळ यांतले काही तरी बाईच्या ताटात रोज पडावे. शेवटी जेवणाऱ्या बाईच्या ताटात काय उरते, ते तुम्हाला मी सांगायला नको.

वजनाचे म्हणाल तर या दुखण्याने वाढते ते बहुधा दोन-चार किलो, आणि त्यातले पुष्कळसे अंगात साठलेले पाणीच. गोळीने ते उतरते. पंधरा किलो वाढले असेल तर सगळा दोष थायरॉईडला देऊ नका. आणि लवकर बारीक व्हावे म्हणून गोळी जास्त घेऊ नका. हृदयावर आणि हाडांवर त्याचा परिणाम होतो.

आता व्यायाम. शहरातली मासिके लिहितात, रोज अर्धा तास चाला. कुडपणच्या बाईला हे सांगितले तर ती हसेल. डोक्यावर मोळी, कमरेला हंडा घेऊन ती चढ चढते, तिला कसला व्यायाम शिकवायचा? तिला शिकवायचे ते उलटे. पहिले सहा-आठ आठवडे, गोळीचा गुण येईपर्यंत, कामाची खेप अर्धी करायची. दोन हंड्यांऐवजी एक. भाजावळीच्या कामाला सकाळचा वेळ, दुपारी तासभर आडवे पडणे. पण अंथरूण धरून दिवस काढायचे नाहीत. त्याने अंग आणखी जखडते. या दुखण्यात स्नायू आखडतात, पिंडऱ्यांत वळ येतात. रात्री निजण्याआधी भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणायच्या, खांदे फिरवायचे, एवढे पुरे. मग दर आठवड्याला काम थोडे थोडे वाढवायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी अंग मोडून आले तर आदला दिवस जास्त झाला असे समजायचे.

सुनेने लावणीला पहिल्या वर्षी जाऊ नये असे मला वाटत होते. नणंद म्हणाली, "वहिनी, मजूर कुठून आणू? सगळे मुंबईला." दोघींनी मधला रस्ता काढला. सून चिखलात उभी राहिली नाही, बांधावर बसून मूठ बांधून देत होती, आणि जेवण तिने केले. पेरूच्या फांदीखाली इरले घालून बसलेली सून आणि गुडघाभर चिखलात सासू, हे दृश्य पाहून वाडीत बोलणे झालेच. नणंदेने ऐकून घेतले. मला हे फार मोठे वाटले.

आकडा जागेवर आला तरी थकवा जात नसेल तर? तेव्हा दुसरीकडे पाहायला हवे. आपल्या बायकांत सर्वांत आधी हिमोग्लोबिन. पाळीत फार रक्त गेलेले असते आणि थायरॉईड सुधारला तरी ते एका महिन्यात भरून येत नाही. मग बी-12, साखर, झोप. आणि मन. दोन गर्भ गमावलेल्या बाईला रात्री झोप लागत नसेल तर ते रक्ताच्या अहवालात कुठे दिसणार?

गळ्याला गाठ लागत असेल, वाढत असेल, गिळताना अडत असेल तर मात्र आधी ती दाखवा. मुंबईत परळला टाटा रुग्णालयाच्या अनेक्स इमारतीत भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर आहे. 1963 साली सुरू झाले, थायरॉईडच्या रोग्यांसाठी नावाजलेले. पोलादपूर-महाडकडच्या प्रत्येक घराचे कोणी ना कोणी परळ-लालबागला असतेच, त्यांना सांगून ठेवा. आणि बरीच वर्षे उपचार न झालेला म्हातारा किंवा म्हातारी थंडीच्या दिवसांत गार पडली, गुंगीत गेली, काही बाही बोलू लागली, तर घोंगडी घालून सकाळची वाट पाहू नका. रात्रीच गाडी काढा.

गणपतीनंतर भाच्याचा फोन आला. सुनेला दिवस राहिले होते. मी पहिला प्रश्न विचारला, "रक्त तपासलेत का?" तो म्हणाला, "मामी, परवाच तपासले होते की महिन्यापूर्वी, चांगले आले." मी त्याला त्याच दिवशी खाली पाठवले. कारण दिवस राहिले की गोळीची गरज लगेच वाढते, चौथाईने किंवा त्याहून जास्त. पहिले तीन महिने बाळाची स्वतःची ग्रंथी कामाला लागलेली नसते; त्याचा मेंदू घडतो तो आईच्या रसावर. तो कमी पडला तर गर्भ जाऊ शकतो, किंवा मूल मंद होऊ शकते. म्हणून गोळी गरोदरपणात सोडायची नाही, उलट पहिल्या महिन्यातच मात्रा ठरवून घ्यायची आणि निम्मे दिवस भरेपर्यंत दर महिन्याला रक्त द्यायचे. "पोटात बाळ आहे, गोळ्या गरम पडतील," असे कोणी म्हटले तर त्याला हा लेख वाचून दाखवा. डॉक्टरांनी तिची मात्रा त्याच दिवशी वाढवली.

बाळ जन्मल्यावर दोन-तीन दिवसांत त्याच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन त्याचीही थायरॉईड तपासता येते. जिथे बाळंतपण कराल तिथे हे आधीच विचारून ठेवा. बाळाची कावीळ लांबली, रडण्याचा आवाज घोगरा, जीभ मोठी, शौचाला होत नाही, दूध ओढायला सुस्त, असे दिसले तर थांबू नका. पहिल्या पंधरवड्यात औषध सुरू झाले तर अशी मुले इतरांसारखी शाळेत जातात.

सून आता पाचव्या महिन्यात आहे. मागची दोन्ही वेळची वेळ टळून गेली आहे. बाळंतपण मुंबईला दिराकडे करायचे की पोलादपूरला, यावरून घरात वाद चालला आहे. नणंद मुंबईच्या बाजूची, भाचा पोलादपूरच्या. सुनेला विचारले तर म्हणते, "मामी, कुठेही करा, पण सकाळच्या गोळीचे तिथे कोणाला तरी आधी सांगून ठेवा."